नाव-पत्त्यासकट

मी सायक्लोस्टाइलची मशीन बोलतेय. मेणकागदावर पान कोरायचं, ते माझ्या पोटावर ताणून बसवायचं, शाई भरून हँडल फिरवायचं, की एकाच्या शंभर प्रती निघतात. आवाज म्हणाल तर सर्दी झालेल्या माणसासारखा.

माझी पहिली वर्षं एका शाळेच्या ऑफिसात गेली. प्रश्नपत्रिका छापायचे, म्हणून मुलं मला शिव्या घालायची. पुढे शाळेने नवी मशीन आणली आणि मला जिन्याखाली ढकलून वर मोडक्या खुर्च्या रचल्या. तिथून मला उचलून नेलं ते फुगेवालीनं.

फुगेवाली हे तिचं टोपणनाव. ती चित्रकथांच्या कचेरीत कामाला होती. चित्रं काढायचे पुरुष. तिच्या वाट्याला पात्रांच्या तोंडाजवळचे फुगे आणि त्यांतली अक्षरं. नऊ वर्षं तिने नायिकांच्या फुग्यांत एकच शब्द लिहिला, ‘वाचवा!’ एके दिवशी तिने संपादकांना विचारलं, “ही एकदा तरी आपली आपण का सुटत नाही?”

“मग नायकाने काय करायचं? घरी बसून भाजी निवडायची?”

“निवडू दे की. हात काही झिजत नाहीत.”

सगळी कचेरी हसली, संपादक तेवढे हसले नाहीत. त्याच आठवड्यात तिने नोकरी सोडली. हे सगळं मला तिनेच सांगितलं. शाई भरताना तिची टकळी चालू असायची.

तिची स्वतःची चित्रं बघून तीन छापखानेवाल्यांनी हात जोडले, म्हणून तिला माझी आठवण झाली. त्याच शाळेत शिकली होती ती. दोन खोल्यांच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी मला जागा मिळाली. घरात ती आणि तिची आई.

“लोकांच्या घरी या वयात पाळणा येतो,” आई म्हणाली, “आमच्याकडे हे धूड आलं.”

अंकाचं नाव ‘ठसका’. पहिल्याच गोष्टीत नायिकेने स्वतःचे दोर दातांनी तोडले, घरी गेली, आंघोळ केली आणि झोपली. बस, एवढंच. पण बायका ते पान पोटाशी धरून हसल्या. अंक शिवलेल्या कपड्यांच्या घड्यांत, विणकामाच्या पिशव्यांत लपून हातोहात फिरायचे. छापणारीचं नाव मात्र कुठेच नसायचं. आईची तेवढी अट होती.

पाचव्या अंकाच्या वेळी फुगेवालीची मैत्रीण आली. ती इस्पितळात नर्स होती. पर्स तशीच खांद्यावर ठेवून ती माझ्याशेजारी मटकन बसली.

“एकोणीस वर्षांची होती गं. लाजेपायी दोन महिने दुखणं अंगावर काढलं. कुठे दुखतं ते सांगायला तिच्याकडे शब्दच नव्हता. आज गेली.” मग डोळे पुसून म्हणाली, “तू काढ. जसं असतं तसं. प्रत्येक भागाचं नाव लिही.”

फुगेवालीने बाईचं शरीर आठ पानांत काढलं, घराचा नकाशा काढावा तसं सरळ. दोनदा मेणकागद फाटला, दोनदा तिने पहिल्यापासून कोरलं.

आणि कोणीतरी तक्रार केली. भर दुपारी दारात अधिकारी. “हे अश्लील साहित्य कोणी छापलं?”

फुगेवाली हात पुसत पुढे आली. “मी.”

मला जिना उतरवताना चार माणसांच्या तोंडाला फेस आला. हँडलला चिठ्ठी बांधली: मुद्देमाल. सात महिने मी कोठारात धूळ खात होते. मला वाटलं, संपलं सगळं.

पण मागाहून कळलं, घरात काम थांबलंच नव्हतं. बायका जमून कार्बन कागद लावून तीच आठ पानं हाताने गिरवत होत्या. आई आधी नुसती कुरकुरायची. मग एक दिवस चष्मा लावून तीही बसली. गिरवता गिरवता तिचं बोट एका जागी थांबलं.

“चार बाळंतपणं झाली माझी,” ती म्हणाली, “आणि हे मला आज कळतंय.” त्या दिवशी सर्वांत जास्त पानं तिनेच गिरवली.

खटल्याच्या दिवशी मला न्यायालयात आणून ठेवलं. नर्स साक्षीला उभी राहिली. सरकारी वकिलांनी विचारलं, “बाई, हे चित्र बघून तुम्हाला लाज वाटत नाही?”

“वाटते ना. वीस वर्षं नोकरी करून मी हे आधी कुणाकडून का काढवून घेतलं नाही, याची.”

न्यायाधीशांनी पानं पुन्हा एकदा चाळली. चित्रांत त्यांना अश्लील काही दिसलं नाही, मला घरी परत न्यायची परवानगी मिळाली. पण छापणाऱ्याचं नाव नाही हा गुन्हा झालाच, म्हणून त्यांनी सक्त ताकीद दिली: यापुढे प्रत्येक अंकावर नाव आणि पूर्ण पत्ता हवाच.

बाहेर पडल्यावर फुगेवालीने आईकडे बघितलं. अट मोडणार होती. आई म्हणाली, “मोठ्या अक्षरात लिही. म्हाताऱ्यांनाही वाचता आलं पाहिजे.”

पुढच्या अंकाच्या पहिल्या पानावर अर्धं पान भरून नाव आणि पत्ता होता. तक्रार करणाऱ्यांनी आमचं भलंच केलं म्हणायचं, कारण त्यानंतर पत्रं यायला लागली. पहिलंच पत्र दोन ओळींचं: ‘छातीत हाताला गाठ लागते. कुणाला विचारू?’ नर्स त्याच दिवशी त्या बाईच्या घरी गेली. सहा महिन्यांनी ती बाई बरी होऊन आमच्याकडे आली आणि तिने न सांगता माझं हँडल हातात घेतलं.

याला आता तीस वर्षं झाली. आई गेली. फुगेवालीची बोटं वाकडी झालीत, म्हणून ती जाड रेघा ओढते. मध्यंतरी संग्रहालयातले एक गृहस्थ आले होते. मला काचेच्या पेटीत ठेवू म्हणाले.

“हात लावता येईल लोकांना?” तिने विचारलं.

“छे हो, तशी पाटीच लावू.”

“मग राहू द्या.”

खरं सांगते, माझं रबर कडक झालंय, शाई मिळेनाशी झालीय, छपाई फिकट येते. तुमच्या माळ्यावर असल्या शाईची एखादी ट्यूब पडून असेल, तर फेकू नका, आमच्याकडे पाठवा. यंदाचा अंक म्हाताऱ्या बायकांच्या शरीराबद्दल आहे. ते कोणीच काढत नाही, असं तिचं म्हणणं. सोळा पानं आहेत, अकरा झाली. बारावं ती माझ्यावर चढवतेय. आता मला बोलता यायचं नाही.