चिखलातल्या चार रेघा

बोआडू सकाळची बाजरीची पेज ओरपत ओट्यावर बसला होता आणि भाच्याच्या नावाने खडे फोडत होता. भाचा अंट्वी अर्ध्या तासापूर्वी व्हॅन घेऊन मांपोंगच्या स्टँडवर गेला होता. तिथे माणसं भरायची आणि घाट उतरून कुमासी शहर गाठायचं, हे त्याचं रोजचं काम. पण या पावसाळ्यात पोराला रोज उशीर व्हायचा, आणि मागची टायरं तीन महिन्यांत आतल्या कडेने तारा निघेपर्यंत झिजली होती.

अंट्वी म्हणायचा, "मामा, वळणावर गाडीचं मागचं अंग माझं ऐकत नाही."

मामाचं उत्तर ठरलेलं असे. "नाचता येईना, अंगण वाकडं."

आज तर त्याने चार बायकांसमोर सुनावलं होतं, "साडेआठच्या आत कुमासीला पोचला नाहीस, तर किल्ली माझ्या हातात आणून ठेव." अंट्वी मान खाली घालून निघून गेला होता.

तेवढ्यात दांक्वा मिस्त्री आपली शिडी न्यायला आला. गाड्यांच्या चाकांना दोरी लावून सरळ करण्यात म्हाताऱ्याचं आयुष्य गेलेलं. फाटकाशी येऊन तो थबकला आणि लाल चिखलाकडे बघत राहिला.

"बोआडू, सकाळी दोन गाड्या गेल्या का रे इथून?"

"दोन कुठल्या? एकच तर आहे माझी."

"मग रेघा चार कशा?"

बोआडू वाटी हातात घेऊनच गेला. गाडी सरळ गेली की मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून जातं, जमिनीवर दोनच रेघा उठतात. इथे प्रत्येक रेघेशेजारी दुसरी होती. दांक्वाने बसून बोटं लावली. चार बोटांचं अंतर भरलं.

"मागच्या चाकांचा आस वाकलाय," तो म्हणाला. "गाडी तिरकी चालतेय, म्हणून टायर घासतंय. आणि मी गाढव, तीनदा दोरी लावली ती मागच्या चाकालाच धरून. मागचं सरळच असतं असं समजून पुढचं वाकड्याला जुळवून दिलं. स्टिअरिंग सरळ, म्हणून तूही खूश."

"चालते आहे ना पण?"

"सुक्यात चालते. ओल्या रस्त्यावर, भरल्या गाडीने, डाव्या वळणावर मागचं अंग फिरतं. एकदा फिरलं की ब्रह्मदेव आला तरी आवरत नाही. कुठे आपटली होती का रे?"

बोआडूने वाटी खाली ठेवली. ईस्टरला त्यानेच मागचं चाक उघड्या गटारात घातलं होतं. सहा माणसांनी उचलून काढलं. घरी तो अवाक्षर बोलला नव्हता.

त्याने स्टँडवर फोन लावला. गाडी आत्ताच सुटली, चौदा माणसं, असं कळलं. मग अंट्वीला लावला. एकदा, पाचदा, अकरा वेळा. नुसती घंटी वाजत राहिली. चालवताना फोन घ्यायचा नाही, अशी शपथ मामानेच घातली होती, आणि हा पोरगा शब्दाला जागणारा.

तो मिळाली ती टॅक्सी पकडून निघाला. पाऊस भुरभुरत होता. अंट्वी म्हणजे बहिणीचा, अफ्रियेचा, एकुलता एक मुलगा. तिला काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"हाण रे गाडी."

"आजोबा, घाट आहे. मला पोरंबाळं आहेत," टॅक्सीवाला म्हणाला.

दुसऱ्या वळणावर माणसं दिसली. बायका डोक्यावर घमेली घेऊन रस्त्याच्या कडेने उतरत होत्या. पायी. टॅक्सी थांबायच्या आत तो खाली उतरला आणि पहिल्या बाईचा दंडच धरला.

"गाडी कुठे आहे? कोण राहिलं त्यात?"

"सोडा हो बाबा, घमेलं पडेल. गाडी खाली गेली, रिकामीच. रस्ता ओला असला की तो आम्हाला इथे उतरवतो. म्हणतो, गाडीचा भरवसा नाही, मेलो तर एकटा मरेन. भित्रा कुठला. अन वर म्हणतो, मामाला सांगू नका."

बोआडू पळत सुटला. चपला कुठे राहिल्या त्याला कळलंही नाही. पायथ्याशी व्हॅन उभी होती, शाबूत. अंट्वी चाकाला दगड लावत होता. मामाला बघून तो उठला आणि खिशातली किल्ली काढून त्याने पुढे केली.

"साडेआठ होऊन गेले, मामा. घ्या."

"अरे, ते चाक... ईस्टरला गटारात मीच घातलं होतं."

"माहीत आहे. गटाराच्या काठाला अजून आपल्या गाडीचा रंग आहे."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो होतो की. तुम्ही म्हणालात, नाचता येईना, अंगण वाकडं."

बोआडूने किल्ली घेतली नाही. तो तिथेच ओल्या रस्त्यावर बसला आणि भाच्याचा पाय घट्ट धरून लहान पोरासारखा रडू लागला. वरून बायका येतच होत्या.