उंबऱ्यावरची पांढरी रेघ

वाचकांस प्रथम नम्रपणे निवेदन करतो, की पुढील मजकुरात मी एका बोटीची, एका पांढऱ्या रेघेची आणि माझ्या एका लबाडीची हकीकत सांगणार आहे. माझी शाळा पंधराव्या वर्षी सुटली व पुढील आयुष्य चिनीमातीच्या भट्टीवर गेले. तथापि जे घडले ते यथातथ्य लिहिण्याचा माझा निश्चय आहे.

निवृत्तीनंतर मी व माझी पत्नी ग्लेनिस यांनी इंग्लंडातील स्टोक येथील घर विकून 'सँडपायपर' ही बोट घेतली. ती सत्तावन्न फूट लांब आणि जेमतेम सात फूट रुंद आहे. गेली सहा वर्षे कालवा हाच आमचा रस्ता आणि बोट हेच आमचे घर. कालव्यावर एक अलिखित रीत आहे: नवरा मागे उभा राहून सुकाणू धरतो आणि बायको काठावर उतरून लॉकची, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोट वरखाली नेणाऱ्या दगडी हौदाची, अवजड दारे ढकलते. वास्तविक हे उलट असावयास हवे, हे सर्वांस कळते. परंतु सुकाणू सोडण्यास कोणी पुरुष राजी होत नाही. म्हणूनच मार्च महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या नजरेचा मधला भाग जात चालल्याचे सांगून सुकाणू सोडण्याविषयी पत्र दिले, तेव्हा ते मी ग्रीसच्या डब्यामागे दडवले. सुकाणू गेल्यावर मी बोटीवर निव्वळ सामान म्हणून उरेन, ही मला धास्ती होती.

सप्टेंबरातील एका सकाळी आम्ही बारा लॉकांची उतरण उतरत होतो. तिसऱ्या लॉकमध्ये बोट शिरली. ग्लेनिसने मागील दार लावले आणि ती खालच्या दारातील पाणी सोडण्याच्या झडपांकडे गेली.

येथे एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. मागील दाराच्या तळाशी, पाण्याखाली, दगडी उंबरा पुढे आलेला असतो. पाणी उतरताना बोटीची शेपटी त्यावर टेकली, तर तोंड खाली जाऊन बोट बुडते. तो उंबरा कोठवर येतो हे कळावे म्हणून काठावर पांढरी रेघ ओढलेली असते.

"रेघेच्या पुढे आहेस ना?" ग्लेनिस ओरडली.

"आहे, आहे. उघड झडपा."

"मग अजून थोडी पुढे घे की."

"काल पुढे घेतली तर बोंबललीस!"

"काल तू ती दारावर आपटलीस. माझे दोन कप गेले."

"दार पुढे आलं होतं."

"दार? चालत?"

खाली आपली बोट घेऊन थांबलेला डेझमंड, पूर्वीचा पोस्टमन, काठावर येऊन हसू लागला. "काय टनिक्लिफसाहेब, वहिनींना कधीतरी सुकाणू द्या!"

"देईन. तुझी बायको तुला स्वयंपाकघरात घेईल त्या दिवशी!"

मला उजव्या हाताला पांढरे काहीतरी दिसत होते. शेपटी त्याच्या पुढे होती. मी निश्चिंतपणाचे सोंग घेऊन उभा राहिलो.

झडपा उघडल्या. पाणी उतरू लागले. भिंतीवरचे ओले शेवाळ उघडे पडत गेले. एकाएकी पायाखाली दगडावर लोखंड घासल्याचा आवाज झाला आणि बोट उतरायची थांबली. पाणी मात्र थांबले नाही. आत किटली घरंगळत गेली, पाठोपाठ ताटे. माझे पाय पुढे घसरू लागले.

"अडकली! वहिनी, झडपा पाडा!" डेझमंड ओरडला. "नॉर्मन, शिडी धर, वर ये!"

शिडी माझ्या हाताशीच होती, असे नंतर कळले. मला ती दिसली नाही. मी सुकाणूला मिठी मारली.

ग्लेनिसने एका बाजूची खिट्टी उडवली. झडप धाडकन पडून बंद झाली. दुसऱ्या बाजूची डेझमंडने पाडली. पुढच्या केबिनच्या दारापासून पाणी चार बोटे खाली होते. ग्लेनिस आपला दुखरा खुबा ओढीत मागील दाराकडे धावली.

"सावकाश उघडा! एकदम सोडलंत तर त्याच्या अंगावर येईल!"

"मला शिकवू नको, डेझमंड!"

तिने झडपा फिरवण्याच्या सुट्या हँडलचे दोनच फेरे दिले आणि वाट पाहिली. मग आणखी एक. पाणी चढू लागले. शेपटी हलली, पुन्हा टेकली, आणि मग बोट सरळ होऊन तरंगली.

ग्लेनिस धापा टाकीत माझ्यापाशी आली. तिने आरडाओरडा केला नाही, त्यामुळे मी अधिकच घाबरलो.

"रेघ कुठे आहे, दाखव."

मी बोट दाखवले.

"ती सीगलची घाण आहे, नॉर्मन. रेघ ती, तीन फूट पुढे."

मी ग्रीसच्या डब्यामागचे पत्र काढून दिले. तिने तारीख दोनदा वाचली.

"मार्च?"

"हो."

"सहा महिने मी तुझ्या भरवशावर झडपा उघडतेय."

तिने ते चिकट हँडल माझ्या हातात दिले, मला शिडीवर चढवले आणि ती स्वतः सुकाणूपाशी उभी राहिली. बोट रेघेच्या पुरेशी पुढे घेऊन ती म्हणाली, "हा धरून दहा लॉक राहिलेत. मी सांगेन तेव्हाच उघडायचं."

"आणि थांब म्हणालीस तर?"

"कान शाबूत आहेत ना?"

डेझमंडने टोपी काढली, पण चेष्टा केली नाही. मी भिंत चाचपीत दारापाशी गेलो, पाठ लावली, आणि तिच्या हाकेची वाट पाहत उभा राहिलो.

हे लेखन वाचण्याचे कष्ट घेतल्याबद्दल मी सर्व वाचकांचा मनःपूर्वक आभारी आहे. मी सांगितले आणि ग्लेनिसने लिहून घेतले.

आपला नम्र,
नॉर्मन टनिक्लिफ
बोट 'सँडपायपर'