शिजवलेलं अन्न: होय

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात हिमानीला काम मिळालं ते भूक मोजायचं. आता भूक ही काय मोजायची गोष्ट आहे? पण गारखेड्यातल्या तिच्या संस्थेला हिशेब हवा होता. वाटलेला शिधा खरंच उपाशी घरांतच जातोय का? ज्या वस्तीत घरोघरी शिजलेलं दिसेल, तिथं गरज नाही, तिथला शिधा बंद!

वैजापूरकडच्या एका वस्तीत केसरबाई आणि तिची नात, दोघीच. संस्थेच्या शिध्यावरच त्यांची चूल पेटायची. हिमानी दारात दिसली तशी "बसा म्याडम" म्हणत म्हातारी मागच्या दारानं गेली आणि परातीत पीठ घेऊनच आली.

"आमच्यातलं चालंल नव्हं तुमाला?" तिनं दबकत विचारलं.

हिमानीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण जोशांची म्हणून हात आखडला असं वाटायला नको! "न चालायला काय झालं, आजी?" म्हणत ती चांगल्या दोन भाकरी जेवली. नात मात्र "मला भूक नाय" म्हणाली.

फॉर्मवर प्रश्न होता: भेटीच्या वेळी घरात शिजवलेलं अन्न होतं का? लोक काहीबाही सांगतात, डोळ्यांनी दिसेल तेच लिहा, असं साहेबांनी बजावलं होतं. हिमानी पडली प्रामाणिक. तिनं लिहिलं, होय. वस्तीतल्या पंधराही घरांनी तिला काही ना काही खाऊ घातलं, आणि पंधराही फॉर्मवर होय आलं. साहेबांनी तिचं काम वाखाणलं. महिन्याभरात वस्तीचा शिधा बंद झाला.

दिवाळीनंतर हिमानीच्या घरामागं नवी इमारत उभी राहत होती. तिथं विटा वाहणाऱ्या बायकांत एक म्हातारी थबकली.

"म्याडम, वळखलं का? म्या केसरबाई."

"आजी, तुम्ही इथं? आणि नात?"

"तिकडं वाळू चाळतिया. शाळा सुटली तिची. गावात खायाला काय र्‍हायलं व्हतं?" मग ती जवळ आली, हळूच म्हणाली, "एक इचारू? त्या दिशी पीठ शेजारच्या कडूबाईकडून उसनं आणलं व्हतं. लई जुनं व्हतं. भाकर कडू लागली का तुमाला?"

"नाही हो आजी! छान होती."

"मंग शिधा का बंद केला? काय चुकलं आमचं?"

हिमानीला उत्तर ठाऊक होतं: तिनं खाल्लेल्या त्या दोन भाकरी.