गार पाणी ढवळणारी फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. नुसती फळी म्हटलं की तुम्ही मला माळ्यावर नाहीतर बाकाला ठोकून मोकळे व्हाल, म्हणून आधीच सांगते, मी पाणी ढवळायची फळी आहे. उंचीने पुरुषभर, खाली वीतभर रुंद आणि वर मुठीत मावेल इतकी निमुळती. सध्या मी डोंगरातल्या एका बंद सराईच्या न्हाणीघरात भिंतीला टेकून उभी आहे. माझ्याकडे कुणी बघत नाही, आणि बघावं असं मी काही केलेलंही नाही.

सराईच्या मागच्या उतारावर पाइनचं एक झाड वादळात पडलं. थोरल्या मालकांनी त्याच्या बुंध्यातून मला कापलं आणि स्वतः रंधा मारून गुळगुळीत केलं. आमच्या कुंडात येणारा झरा इतका कढत होता की माणसाला त्यात पाऊल टेकवत नसे. तुम्ही म्हणाल, मग ओतायचं थोडं गार पाणी. आमच्याकडे तसं करत नसत. जमिनीने जे दिलं त्यात कुणी काही मिसळायचं नाही, असा त्या घराचा नेम होता. पाणी फळीने हलवायचं, वर-खाली करायचं आणि गाण्याच्या ठेक्यावर निववायचं. पाहुणा कुंडात उतरण्याआधी पाव तास हे काम चाले आणि पाहुणे ते बघायला मुद्दाम येऊन बसत.

किनुए या घरात सून म्हणून आली तेव्हा वीस वर्षांची होती. पहिल्याच दिवशी मी दोनदा तिच्या हातून सटकून पाण्यात पडले. तिच्या सासूबाई दारात उभ्या होत्या.

"अगं, ढवळतेस की गोंजारतेस त्याला?"

"दोन्ही करते," किनुए पुटपुटली.

सासूबाईंना ते ऐकू गेलं, पण त्या रागावल्या नाहीत. वर्षभरात किनुएच्या तळहातांना घट्टे पडले आणि तिचं गाणं रस्त्यापर्यंत ऐकू जाऊ लागलं. ते दिवस मला अजून आठवतात. गंधकाच्या वाफेने माझं अंग पिवळं पडलं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

इगाराशी हे आमचे सगळ्यात जुने पाहुणे. घरात अंथरायच्या जाड चटया शिवण्याचा त्यांचा धंदा. जन्मभर गुडघ्यांवर बसून काम केल्यामुळे गुडघे पार कामातून गेलेले. दर वर्षी शरदात, आमच्या अंगणातली तांबूस फळं उतरवून, सोलून, छपराखाली वाळत टाकली की ते दहा दिवसांसाठी आमच्याकडे येत. पाण्यात पाय घातला की त्यांची ओरड सुरू होई.

"मालकीणबाई, हे पाणी आहे की निखारे? मला उकडून घरी पाठवायचा बेत दिसतोय."

"उकडलात तर बरंच की, इगाराशी-सान. गुडघे तरी मऊ होतील."

ते मोठ्याने आकडे मोजत. दोनशेपर्यंत पोचले की लालबुंद होऊन बाहेर पडत. दोनशेच्या पुढे ते कधी टिकले नाहीत. एकतीस वर्षं हे असंच चाललं. मधल्या काळात सासूबाई गेल्या, किनुएचा नवरा गेला, इगाराशींची बायको गेली. पलीकडच्या खोऱ्यात मोठमोठी हॉटेलं झाली आणि आमचे बाकीचे पाहुणे तिकडे वळले. इगाराशी मात्र येत राहिले. किनुए वर्षभर त्या दहा दिवसांकडे डोळे लावून बसायची. नवी चादर घेतली तरी ती आधी त्यांच्यासाठी राखून ठेवायची.

मग एका वसंतात भूकंप झाला. फार मोठा नव्हता. एक शेल्फ पडलं, चार वाडगे फुटले. पण जमिनीच्या पोटात काहीतरी सरकलं असावं, कारण दोन महिन्यांत झऱ्याचं पाणी कोमट झालं आणि उन्हाळा संपेपर्यंत जवळजवळ गार. हे सगळ्यात आधी मला कळलं. पूर्वी पाण्यात शिरताच माझ्या रेषारेषांतून राळेचा वास सुटायचा. तो बंद झाला.

किनुएलाही कळलं होतं. तिने इगाराशींना पत्र लिहायला घेतलं. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसून तिने 'पाणी आता पूर्वीसारखं' एवढं लिहिलं आणि कागद फाडला. दुसरा घेतला, तोही फाडला. पाणी गार झाल्याचं कळलं तर ते येणार नाहीत, आणि ते आले नाहीत तर या घरात येणारं कुणीच उरत नाही, हे तिच्या तोंडावर मला स्पष्ट दिसत होतं. पाणी तापवून ओतायचं तर नेम मोडत होता. ते तिने केलं नाही. तिने दुसरंच केलं.

इगाराशी आले. एकोणऐंशी वर्षांचे, काठी टेकत. किनुएने बाह्या वर बांधल्या, मला उचललं आणि गाणं म्हणत पाणी ढवळायला लागली. आधीच गार असलेलं पाणी ती पाव तास निववत होती. मधूनमधून मनगटाने कपाळ पुसत होती, आणि कपाळावर घाम नव्हता. मित्रांनो, मला त्या वेळी मोडून पडावंसं वाटलं. पण मी चांगल्या लाकडाची होते, मोडले नाही.

ती पडद्याबाहेर गेली. इगाराशींनी अंग धुतलं आणि कुंडात पाऊल घातलं. ते क्षणभर थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे.

"आईगं! आज तर भाजून काढताय, मालकीणबाई!"

पडद्याआडून किनुए हसली. किती दिवसांनी हसली असेल कोण जाणे. इगाराशी गळ्यापर्यंत पाण्यात बसले आणि मोजू लागले. दोनशे झाले. ते उठले नाहीत. अंगात ऊब येईल म्हणून वाट बघत राहिले. अर्ध्या तासाने त्यांचे ओठ निळे पडले.

"या की आता बाहेर," किनुए म्हणाली.

"असू दे हो. इतकं छान पाणी, उठवत नाही."

आवाज थरथरू नये म्हणून ते शब्द दाबून बोलत होते. किनुएने आणखी एकदाच म्हटलं असतं तर ते उठले असते.

असं दहा दिवस चाललं. चौथ्या दिवसापासून त्यांना खोकला लागला. किनुए आल्याचा काढा देई आणि ते हवेला दोष देत. निघताना ते दारात वाकले.

"पुढच्या वर्षीही असंच कडक पाणी ठेवा."

"ठेवते," ती म्हणाली, आणि त्यांची बस वळणाआड जाईपर्यंत वाकून उभी राहिली.

बर्फ पडायला लागल्यावर त्यांच्या मुलीचं पत्र आलं. किनुए ते घेऊन न्हाणीघरात आली आणि तिने ते मोठ्याने वाचलं. का ते मला माहीत नाही, तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. इगाराशी फुप्फुसाच्या सुजेने गेले होते. पुढे मुलीने लिहिलं होतं, "बाबा शेवटी म्हणाले, झरा गार झालाय, पण किनुएबाईला सांगू नकोस. तिला कळलेलं नाही, बिचारी अजून ढवळतेय. मला मात्र वाटतं, कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं. एकदा पाण्यात हात घालून बघा. दुसऱ्या कुणाला त्रास नको."

किनुएने पत्राची घडी केली. गुडघे टेकून तिने कुंडात कोपरापर्यंत हात घातला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग हात पुसला, मला भिंतीला टेकवलं आणि पुढचं दार बंद केलं.

ती अजून याच घरात राहते, पण इकडे येत नाही. झरा वाहतो, कुंड भरतं आणि वाहून जातं. माझं अंग कोरडं पडून मधोमध उकललं आहे. मला तेल लावा, सावलीत ठेवा, असलं काही मी तुमच्याकडे मागणार नाही. एवढंच मागते. तुमचं मन राखायला कुणी गार पाण्यात बसलेलं दिसलं, तर तोंडातून शब्द फुटत नसला तरी त्याचा हात धरा आणि त्याला बाहेर काढा. मला हात नव्हते. किनुएला होते, पण त्या हातांत मी होते.