लोकाटच्या पानांची लव

देशानचा खोकला काही केल्या हटेना. हिव पडायला लागल्यापासून त्याला आडवं होऊन झोपणंच माहीत नव्हतं. त्याची बायको क्वेईफेन वैद्यांच्या पुड्या मातीच्या भांड्यात उकळायची: जर्दाळूची गिरी, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळकी साल. लोकाटची पानं तेवढी ताजी घाला, असं वैद्यांनी बजावलं होतं.

घरचं लोकाटचं झाड वाटणीत समोरच्या अंगणात, थोरली जाऊ शुएझेनकडे गेलं होतं. तेव्हापासून दोघी जावांमध्ये बोलणं नव्हतं. तिच्या दारात हात पसरायला नको म्हणून क्वेईफेनने कालव्याकाठच्या झाडाची पानं ओरबाडून आणली. पण काढ्याने उतार पडायचा सोडून खोकला उलट वाढला. नवरा हातचा जातो की काय, या धास्तीने तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

काढ्याचा चोथा ती रिवाजाप्रमाणे गल्लीत ओतायची. येणाऱ्याजाणाऱ्यांनी तुडवला की दुखणं त्यांच्या पायांबरोबर निघून जातं. पण हल्ली लोक भलतेच शहाणे झालेत. स्कूटरवालेसुद्धा वळसा घालत. शुएझेन तर भिंतीला अंग घासत जायची. ते पाहून क्वेईफेनच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

एका सकाळी शुएझेन चोथ्यापाशी थांबली आणि वाकून तिने एक पान उचललं. क्वेईफेन तरातरा बाहेर आली.

"काय हुडकताय जाऊबाई? दीर अजून किती दिवसांचा सोबती, ते?"

"जीभ आवर. हे काय पाजतेस त्याला?"

"लोकाट. तुमच्या झाडाचं नाही, घाबरू नका."

शुएझेनने पान उलटून तिच्या नाकासमोर धरलं. मागची तपकिरी लव जशीच्या तशी होती.

"ही घासून काढतात, बाई! घशात टोचते. मग खोकेल नाही तर काय गाणी म्हणेल?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"तू विचारलंस कुणाला?"

घर एकत्र होतं तेव्हा काढे शुएझेनच करायची. क्वेईफेन नुसती वाटी नेऊन द्यायची. आपल्याच हाताने आपण हे पाजत होतो, या विचाराने ती उंबऱ्यावर बसून रडली. शुएझेन निघून गेली.

दुपारी ती आपल्या झाडाची टोपलीभर पानं आणि जुना ब्रश घेऊन आली. दोघींनी मिळून पानं घासली.

दुसऱ्या दिवशी क्वेईफेनने नवा चोथा ओतला, तेव्हा शुएझेन बाजाराला निघाली होती. या खेपेला ती भिंतीकडे सरकली नाही. नव्या कापडी जोड्यांनिशी चोथ्यात उभी राहून तिने तो चांगला तुडवला.

"हेही वाटणीत माझ्याकडे आलं समज," ती म्हणाली आणि चालू लागली.