दोन थांब्यांमधला रस्ता

मी एक जुना बसथांबा आहे, मित्रांनो. एक लोखंडी खांब, वर पत्र्याची पाटी, खाली एक बाक, एवढाच माझा संसार. नवा होतो तेव्हा माझा पिवळा रंग इतका झकास होता की मुलं मुद्दाम हात लावून बघायची. पुढे रंग उडाला, पत्र्याला गंज धरला आणि लोक माझ्याकडे फक्त गाडी उशिरा आली की बघू लागले, तेही रागाने. आता गाडी काय मी चालवतो?

शहर संपतं तिथे मी उभा होतो. शहरातल्या गाड्या माझ्यापाशी येऊन परत फिरायच्या. बाहेरगावच्या गाड्या दुसऱ्या खात्याच्या. त्या रस्त्यापलीकडच्या निळ्या थांब्यावरून सुटायच्या. आणि आमच्या मधला रस्ता म्हणाल तर नुसते ट्रक, टँकर आणि भरधाव मोटारी.

त्या रस्त्याने सगळ्यात जास्त छळलं ते माझ्याकडे नेहमी येणाऱ्या एका काका-काकूंना. काकू घरी कपडे शिवायच्या. काकांच्या अंगावरून वारं गेलं होतं आणि त्यांचा उजवा हात मूठ आवळून बसला होता. व्यायामासाठी त्यांना बाहेरगावच्या दवाखान्यात जावं लागे. शहरातल्या गाडीने माझ्यापर्यंत यायचं आणि मग जीव मुठीत धरून पलीकडे. एकदा अर्ध्या रस्त्यात काका अडखळले. टँकर करकचून थांबला, म्हणून वाचले.

माझ्या बाकावर परत येऊन ते म्हणाले, "पुरे झालं आता. हात राहिला असाच तर राहू दे. तुला काही झालं तर मी काय करू?"

काकू एरवी बोलायला लागल्या की थांबायच्या नाहीत. त्या दिवशी त्यांनी काकांची आवळलेली मूठ नुसती आपल्या हातात धरून ठेवली. व्यायाम सुटला तर हात कायमचा गेला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला फार वाईट वाटलं हो.

पुढचं मला त्यांच्याच बोलण्यातून कळलं. काकू तडक शहराच्या वाहतूक कचेरीत गेल्या. तिथल्या बाईंनी कळवळून ऐकलं. "आमचा थांबा पलीकडे नेते," म्हणाल्या. पण कचेरीच्या शब्दावर काकूंचा भरवसा तो कितीसा? म्हणून त्या बाहेरगावच्या खात्याच्या साहेबांनाही भेटल्या. तेही भले गृहस्थ. "आमचा थांबा अलीकडे आणतो," म्हणाले. दोघांतला एक जरी शब्दाला जागला तरी काम झालं, असा काकूंचा विचार.

रविवारी मला उपटलं, टेम्पोत घातलं आणि पलीकडे नेऊन रोवलं. समोर पाहतो तो काय, माझ्याच जुन्या जागेवर निळा थांबा ताठ उभा. दोन्ही कचेऱ्यांनी अगदी मन लावून काम केलं होतं. फक्त एकमेकांना फोन करायचा राहून गेला होता.

सोमवारी काका-काकू गाडीतून उतरले. काकांनी पलीकडे पाहिलं आणि, मित्रांनो, ते चक्क हसले. आजारपणानंतर प्रथमच.

"दोन्हीकडे जाऊन आलीस ना?"

"मला काय ठाऊक, दोघंही ऐकतील म्हणून?"

मग त्यांचं हसू विरलं. "चल घरी. आता मी काही परत यायचा नाही."

काकूंनी त्यांना बाकावर बसवलं आणि दोन्ही कचेऱ्यांना फोन लावला. "स्वतः या आणि बघा. तोवर आम्ही इथून हलत नाही."

आले बिचारे. बाई माझ्यापाशी, साहेब निळ्यापाशी. इतकी वर्षं एकमेकांना नुसते कागद पाठवले होते, तोंड आज पाहत होते. दोघंही हातवारे करून दुसऱ्याला बोलावू लागले. शेवटी साहेब निघाले आणि मधल्या दुभाजकावर अडकले. ट्रकमागून ट्रक येत राहिले. इकडे पोचले तेव्हा घामाने भिजले होते.

"हा रस्ता तुम्ही ओलांडता?" त्यांनी काकांना विचारलं.

"ओलांडत होतो."

साहेब खाली बघू लागले. "आमचा थांबा परत आणतो."

"छे, तुम्ही कशाला त्रास घेता? आमचाच नेतो की," बाई म्हणाल्या.

काकूंनी हात जोडले. "आता एकच हलवा हो. आणि कोणता ते माझ्यासमोर ठरवा."

त्या दिवशीची गाडी साहेबांनी इकडेच वळवून आणली, आणि आठवडाभरात निळा थांबा माझ्या शेजारी आला. आता काका एका गाडीतून उतरतात आणि दुसरीत चढतात.

तुमच्यापैकी कुणी उद्या रस्ते आखेल, कुणी गाड्यांच्या वेळा ठरवेल. कुणाच्या भल्यासाठी काही हलवायला निघालात, तर आधी पलीकडच्याला विचारा. आणि तो रस्ता एकदा पायी ओलांडून बघा. माझं तेवढंच मागणं आहे.

परवा काका बाकावर बसले होते. त्यांनी उजवा हात हळूहळू उचलला आणि माझ्या खांबाला लावला. मग एकेक बोट उघडलं. पकड कच्ची होती, पण त्यांनी मला धरलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि त्या काकांना खेटून बसल्या. तेवढ्यात गाडी आली. ती आम्ही तिघांनी जाऊ दिली.