चोराने लिहिलेलं पत्र

घुबडाच्या पत्राला आपण उत्तर दिलं नाही, ही गोष्ट दादांना रोज न चुकता आठवायची. घुबड म्हणजे छापखान्यातला त्यांचा जोडीदार. दोघांनी जन्मभर एकाच टेबलावर मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर तो दूर मुलाकडे राहायला गेला आणि मेलवर त्याने एवढंच विचारलं, "बरा आहेस ना? एक ओळ लिही." दादा लगेच लिहायला बसले. पण हाडाचे मुद्रितशोधक. लिहिलेलं तपासायचे, तपासलेलं खोडायचे. दोन वर्षं झाली, ती एक ओळ काही त्यांच्या पसंतीस उतरली नाही.

मग एका सकाळी धाकटी बहीण फोन नाचवत दारात उभी राहिली.

"दादा, मला 'प्रिय मित्रा' कधीपासून म्हणायला लागलास? म्हणे, 'तुझी फार आठवण येते. माझे नवे फोटो उघडून पाहा.' फोटोत तुझे डोळे कधी उघडे असतात का?"

दादांच्या खात्यात कुणीतरी शिरलं होतं. ओळखीच्या प्रत्येकाला हेच पत्र गेलं होतं आणि जो फोटो उघडेल त्याचंही खातं जाणार होतं.

"पासवर्ड कुणाला दिलास?"

"कुणालाच नाही. फक्त दिव्याला तोच आहे." टेबलावरचा दिवा फोनवरून लागणारा होता, भाच्याने दिलेला. "आणि वजनकाट्याला. म्हटलं, घरातल्यांत भेदभाव नको."

बहिणीने कपाळावर हात मारला. "म्हणजे दिव्याचं कुलूप फुटलं आणि त्याच किल्लीने सगळं घर उघडलं."

"तरीच तो हल्ली आपोआप विझायचा. मला वाटलं, झोपा आता म्हणतोय."

एवढं बोलले आणि दादा एकदम ओरडले, "घुबड!" दोन वर्षं वाट पाहिलेलं पत्र आल्यावर तो फोटो उघडणारच.

"फोन कर त्याला."

"इतके दिवस गप्प राहून एकदम फोन? तो काय म्हणेल?"

"मग खातं तरी सोडव."

चोराने पासवर्ड बदलला होता. पडद्यावर प्रश्न आला: तुमच्या जिवलग मित्राचं टोपणनाव काय? दादांची बोटं अडली.

"लिही ना."

"खातं उघडलं तेव्हा ते खरं होतं गं. आता त्याला न विचारता कसं लिहू?"

"दादा, ही कोर्टातली साक्ष नाही. तिकडे तो फोटोंवर बोट ठेवत असेल."

दादांनी भीत भीत 'घुबड' लिहिलं. खातं मुकाट्याने उघडलं. बहिणीने पासवर्ड बदलला, दिव्याची वायर उपटली. घुबडाचं उत्तर सगळ्यात वर होतं.

"फोटो उघडले नाहीत. हे लिहिणारा तू नाहीस. तू असतास तर आधी पानभर माफी मागितली असतीस. चोराने का होईना, आठवण काढली, बरं वाटलं. तू बरा आहेस ना?"

दादांनी चष्मा पुसला. पानभर माफी लिहिली, तपासली, खोडली.

"तो चोर तुझ्यापेक्षा भराभर लिहितो," बहीण मागून म्हणाली.

शेवटी उरलं ते एवढंच: "घुबडा, बरा आहे. चोराचं पहिलं वाक्य खरं आहे. फोटो मात्र नाहीत."

त्यातला 'मात्र' दादांना खटकत होता. तो तसाच ठेवून त्यांनी पत्र पाठवून दिलं.